काळ्या रानातला रस्ता

एप्रिलातल्या एका दुपारी बाभळेश्वरच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटत होती म्हणून उतरलो आणि नजर डांबराच्या काठावर गेली. काठापासून दोन हात आत, रस्त्याला समांतर, एक तडा सरळ पुढे गेला होता. त्याच्या सोबतीनं पन्नास-साठ पावलं चाललो तरी संपेना. शेजारीच उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं एक वाळकं टिपरू होतं. ते तड्यात सोडलं. हात कोपरापर्यंत आत जाईल इतकं ते खाली गेलं आणि मग कुठे टेकलं. आजूबाजूला खड्डा नव्हता, डांबर उखडलेलं नव्हतं, खडी पसरलेली नव्हती. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात पाहिलं तर तिथंही तसल्याच भेगा, पाऊल अडकेल अशा. रानातली भेग रस्त्यावर चढली होती, एवढंच.

खराब रस्ता दिसला की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: ‘पैसे खाल्ले.’ हे उत्तर नेहमीच खोटं असतं असं म्हणण्याइतका भाबडा मी नाही. पण या तड्याचा हिशेब त्या उत्तरात बसत नाही. चोख काम झालेल्या रस्त्यालाही तो पडतो. त्याचं मूळ डांबराखालच्या मातीत आहे, आणि त्या मातीत पाणी कुठून शिरतं नि कुठून निघतं यात आहे. काळ्या रानातला रस्ता समजून घ्यायचा तर डांबराकडे बघून भागत नाही, कडेच्या गटारात उतरावं लागतं.

नगर–मनमाड रस्ता हा त्यासाठी चांगला नमुना. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे आणि हा रस्ताही कागदोपत्री राज्य महामार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. पण एसटी स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर तो अजून ‘नगर–मनमाड रोड’च. नगर सोडलं की विळद घाट, मग राहुरी, कोल्हारला प्रवरा ओलांडायची, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, कोपरगावला गोदावरी, पुढे येवला आणि मनमाड. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ, राहात्याचे पेरू, कोपरगाव तालुक्यातले साखर कारखाने, येवल्याचा कांदा आणि पैठणी, मनमाडला धान्याची गोदामं आणि इंधनाचे डेपो. थोडा पूर्वेला राहून दौंड–मनमाड लोहमार्ग जातो, तो १८७८चा. इंदूर-धुळ्याकडून दक्षिणेला उतरणारे ट्रक हाच रस्ता धरतात, शिर्डीच्या पालख्या याच्याच कडेनं चालतात आणि या सगळ्यांमधून वाट काढत उसाचा ट्रॅक्टर, कांद्याचा पिकअप आणि दुधाचा टेम्पो. राज्य महामार्ग म्हणून जन्मलेल्या रस्त्याकडून आपण काय काय अपेक्षा करतो, ते इथं एका नजरेत दिसतं.

या सगळ्या पट्ट्याखाली दगड एकच आहे: काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, तोच हा. खडीमशीनमधून फोडून काढला की रस्त्याला याच्या तोडीची खडी मिळणं अवघड. कठीण, लवकर न झिजणारा आणि डांबराला घट्ट धरून ठेवणारा. गारगोटीचं प्रमाण जास्त असलेल्या ग्रॅनाइटसारख्या दगडावरून पाणी डांबर सोडवून नेतं. बेसाल्टवरून त्या मानानं सहजी नाही.

हाच पाषाण ऊनपावसात अर्धवट कुजला की त्याचा मुरूम होतो. तो कुदळीनं निघतो, पाणी झिरपू देतो, रोलर फिरवला की निमूट बसतो. आणि आणखी हजारो वर्षं कुजत, वाहत, सखल जागी साठत गेला की त्याची काळी माती होते. म्हणजे खडी, मुरूम आणि काळी ही तीन वेगळी द्रव्यं नव्हेतच, एकाच दगडाची तीन वयं आहेत. आपल्याकडे रस्ता बांधणं म्हणजे ती तीन वयं एकावर एक रचणं: सगळ्यात खाली म्हातारी काळी, तिच्यावर पोक्त मुरूम आणि वर तरणीताठी खडी. मधलं माणूस गायब झालं की घरात जे होतं तेच रस्त्यातही होतं. मुरमाच्या थरात काटकसर केलेल्या रस्त्याची खडी चिखलात बुडते आणि चिखल खडीतून वर येतो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की ते एकमेकांपासून लांब सरकतात आणि माती फुगते. पावसात भिजलेली शाळेची वही आठवा. पानं तेवढीच असतात, जाडी मात्र दीडपट. पाणी गेलं की ती आकसते आणि भेगाळते. मृदाशास्त्रात या जातीच्या जमिनीला ‘व्हर्टिसोल’ म्हणतात, लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. उन्हाळ्यात वरची माती भेगांमधून खाली पडते, पावसाळ्यात फुगलेली खालची माती वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरत राहते. शेतकऱ्याला ही सवय परवडते. डोक्यावर डांबर घेऊन बसलेल्या मातीला ती परवडत नाही.

मातीची ताकद मोजायची एक जुनी पद्धत आहे, कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो. साईटवर सगळे ‘सीबीआर’ म्हणतात. दाबून बसवलेल्या मातीत लोखंडी दट्ट्या रुतवायचा आणि त्याला लागणारा जोर प्रमाण खडीला लागणाऱ्या जोराशी ताडून बघायचा. प्रमाण खडीला शंभर गुण दिले, तर चार दिवस पाण्यात ठेवलेल्या काळ्या मातीला बहुधा दोन-तीनच गुण मिळतात. हीच माती मे महिन्यात कुदळीला दाद देत नाही. तिच्या ताकदीचा म्हणून एक आकडा सांगताच येत नाही. ओलीचा वेगळा, वाळलेलीचा वेगळा. त्यामुळे इंजिनिअरची खरी लढाई मातीशी कमी आणि तिच्या ओल-सुकीच्या फेऱ्यांशी जास्त असते. ती कायम एकाच ओलीवर राहिली तर रस्ताही राहतो.

बाभळेश्वरच्या त्या तड्याचं कोडं इथं सुटतं. रस्त्याच्या मधल्या भागाखालची माती बारा महिने साधारण एकाच ओलीवर असते, कारण वर डांबराचं झाकण असतं. काठाखालच्या मातीला असं झाकण नाही. पावसाळ्यात साईडपट्टीतून पाणी शिरतं आणि काठ फुगतो. उन्हाळ्यात त्याच बाजूनं ओल निघून जाते आणि काठ खाली बसतो. मधला भाग जागचा हलत नाही, कडा मात्र श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत राहते. हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या भागाच्या सीमेवर डांबर फाटतं. म्हणून हा तडा काठावर न पडता काठाच्या थोडा आत आणि काठाला समांतर असतो. पुढच्या पावसात पाणी शिरायला तोच दरवाजा होतो. मग आत चिखल, वर चाक, आणि दिवाळीपर्यंत खड्डा. खड्डा आपल्याला दिसतो, उन्हाळ्यातला तडा कोणी बघत नाही.

कडेची झाडं हा या गोष्टीतला नाजूक भाग. मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी काठाखालची ओल ओढून घेतं, त्यामुळे काळ्या मातीत अगदी डांबराला चिकटून लावलेल्या झाडाजवळ तडा जास्त रुंद असतो. याचा अर्थ रुंदीकरणात वड-चिंचा बिनदिक्कत आडव्या कराव्यात असा कोणी काढू नये. अर्थ एवढाच, की नवी झाडं लावताना फोटोसाठी डांबराजवळ लावू नयेत, गटाराच्या पलीकडे लावावीत. तिथं ती वाढतातही बरी.

आता खरी गंमत. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. मग रस्त्याला पाण्याचं एवढं भय कशाला? कारण इथलं पाणी आभाळातून कमी आणि पाटातून जास्त येतं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. गोदावरीचे कालवे नांदूर मधमेश्वरहून निघतात, ते त्याहून थोडे आधीचे. राहुरीजवळचं मुळा धरण अलीकडचं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. हरेगावला खासगी कंपनीचा कारखाना होताच; मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याची नोंदणी १९४८ अखेरची आणि पहिला हंगाम १९५०चा. लोणी या रस्त्यापासून फार लांब नाही.

पाटाला आवर्तन सुटलं की पाणी चारीला येतं, चारीतून पोटचारीला, पोटचारीतून सरीला. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि त्याला पाणी देताना आपला हात सढळ. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढते, काही रानं चिबड होतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुडुंब भरलेल्या सऱ्या असल्या की मधला रस्ता धरणाच्या बांधासारखा झाला. फरक इतकाच, की बांध पाणी अडवायला बांधलेला असतो. पावसाळ्यात एकदाच भिजून पुढे आठ महिने सुकण्याची जी सवलत जिरायती भागातल्या रस्त्याला मिळते, ती बागायतीतल्या रस्त्याला मिळत नाही. येवल्याच्या पुढे रान कोरडं होतं, मका आणि कांद्याचं होतं, तिथं रस्त्याचं दुखणंही थोडं बदलतं.

आणि माती अशी ओली असतानाच ऊस निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं. पाऊस नुकताच परतलेला, जमीन आतून भिजलेली, गटारं गाळानं भरलेली. पाथर्डी, आष्टी, बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात, आणि पहाटे चारपासून रस्त्यावर उसाची रांग लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडायला हवा. उशीर झाला की वजन घटतं, उतारा घटतो. त्यामुळे रस्ता वाळेपर्यंत थांबायला कोणालाच सवड नसते. दिवसाला पाच हजार टन गाळणारा एक कारखाना धरा आणि एका वाहनात सरासरी पंधरा टन ऊस. रोजच्या तीनशे तेहतीस भरल्या खेपा होतात, परतीच्या रिकाम्या वेगळ्या. पूर्वी हे काम बैलगाड्या करायच्या, एका गाडीत दीड-दोन टन. आजही टायरगाड्या दिसतात, पण मुख्य भार ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्यांवर आणि ट्रकवर आहे.

वजनाचा रस्त्यावर होणारा परिणाम आपल्या अंदाजापेक्षा फार भयंकर असतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ, मक्याच्या शेतीच्या मुलखात, १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या गोल रस्त्यांवर लष्कराच्या चालकांनी अहोरात्र ट्रक फिरवले. एकेका मार्गिकेवरून अकरा लाखांहून जास्त वेळा आस गेला आणि कुठला रस्ता कधी फुटतो ते मोजलं गेलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात: आसावरचं वजन दुप्पट झालं की नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होतं. गणिताच्या भाषेत, नुकसान वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं.

भारतात रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात. चार टायरच्या एका आसावर कायद्यानं १०.२ टन चालायचे. २०१८ साली ती मर्यादा ११.५ टन केली. वाढ जेमतेम तेरा टक्क्यांची. चौथ्या घाताला नेऊन बघा: पूर्ण भरलेल्या आसाचं नुकसान साठ टक्क्यांनी वाढलं. हे झालं कायदा पाळणाऱ्याचं. वजनकाट्यावर काय काय दिसतं ते काट्यावरच्या माणसाला विचारा. उलट अर्धा टन भार असलेला मोटारीचा आस घेतला, तर एका प्रमाण आसाइतकं नुकसान करायला असे सत्तर हजार आस जावे लागतील. टोलनाक्यावर कारवाले तावातावानं भांडतात तेव्हा मला हा आकडा आठवतो आणि त्यांची बाजू थोडी पटते.

पण इलिनॉयच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती, जी चौथ्या घाताच्या दबदब्यात मागे पडली. वर्षभर सारखेच ट्रक फिरत असूनही मोडतोड मुख्यतः वसंतात झाली, गोठलेली जमीन वितळून खालची माती ओली झाली तेव्हा. तेच वजन, तोच रस्ता, फक्त माती भिजलेली. आपल्याकडे बर्फ नाही, पण ओल्या मातीवर जड चाकं आणण्याची तजवीज आपण हंगामाच्या तारखेनंच केलेली आहे.

ओली माती चाकाखाली काय करते ते एकदा जवळून बघितलं म्हणजे विसरता येत नाही. खडीच्या फटींत पाणी भरलेलं असतं. वर चाक आलं की ते दबतं, पण पळायला जागा नसते, म्हणून खडी आणि डांबराच्या मधे घुसतं. चाक गेलं की मागे ओढलं जातं. असं दिवसातून हजार वेळा. चांगल्या बेसाल्टवरचं डांबरही मग सुटायला लागतं. तड्याच्या तोंडाशी गाळासारखा पिवळट-करडा माल आलेला दिसला तर समजावं की आत पंप चालू आहे. रस्त्याचं पोट पाझरतं आहे.

आपण ज्याला खडीकरण म्हणतो त्याचं कागदावरचं नाव ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडचा माणूस, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव खडीला चिकटलं खरं, पण त्याचा मुद्दा मुळात कोरड्या जमिनीचा होता. वाहनाचं वजन शेवटी जमीनच पेलते, तिला कोरडी ठेवली तर ती पेलेल, आणि वरच्या बारीक खडीचं मुख्य काम तिच्यावर छप्पर धरण्याचं आहे, असं तो सांगत असे. आपण त्याची खडी घेतली आणि छपराची पन्हळ विसरलो. अंदाजपत्रकात गटाराची बाब शेवटी असते. पैसे संपतात तेही शेवटीच.

त्याच दुपारी मी पुढे गटाराच्या कडेनं चालत राहिलो. गटार म्हणजे काय, तर कधीकाळी दोन फूट खोल असलेली चर, आता घोटाभर. साधारण दर शंभर पावलांवर एक उतार: शेतात ट्रॅक्टर उतरवायला गटारात माती-मुरूम लोटून केलेली वाट. काहींच्या खाली सिमेंटची नळी होती, फूटभर व्यासाची, निम्मी गाळानं भरलेली. बहुतेकांखाली काहीच नव्हतं. दोन उतारांच्या मधे गटाराची पेटी तयार होते. पावसाचं पाणी तिथं साठतं आणि जायला वाट नसल्यानं सावकाश रस्त्याच्या पोटात मुरतं. चालताना तडे नेमके कुठे जास्त होते ते मी मुद्दाम बघितलं. गटार बुजवणाऱ्या उतारांच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी तुंबतं तिथं.

शेतकऱ्याला यात दोष देणं सोपं आहे. पण त्याला रानात उतरायला वाट हवी, रस्त्याच्या नकाशात ती दाखवलेली नसते आणि नळीचा खर्च त्याच्या खिशातला. तो पलीकडच्या ढाब्याला आणि पेट्रोलपंपालाही गटार बुजवताना बघत असतो. शिवाय गटाराची जागा बांधाला लागून. दर वर्षी नांगर एक तास पुढे सरकतो, सातबारावर क्षेत्र तेवढंच राहतं, गटार अरुंद होतं. हे सांगताना मी सोवळा नाही. आमच्या वडिलांनीही हेच केलं होतं, आणि त्या उताराजवळचा खड्डा आम्ही वर्षानुवर्षं सरकारच्या नावानं शिव्या देत चुकवला.

पूर्वी या गटाराला एक माणूस होता: मैलकुली. रस्त्याच्या ठरलेल्या लांबीला ठरलेली माणसं, त्यांच्यावर मुकादम. हातात फावडं, घमेलं, विळा. जून लागायच्या आधी ते साईडपट्टीला चिरा पाडायचे. ही चीर म्हणजे डांबराच्या काठापासून गटारापर्यंत तिरकी खणलेली वीतभर रुंदीची वाट. रस्त्याचं डांबर मधे उंच, कडांना उतरतं असतं. शंभरात दोन-अडीच इतका हा उतार, पाणी काठाला यावं म्हणून. पण साईडपट्टीवर गवत आणि धूळ साचून ती डांबरापेक्षा उंच झाली की काठाला आलेलं पाणी तिथंच उभं राहतं. मैलकुलीची चीर त्याला गटाराची वाट दाखवायची. काम इतकं किरकोळ, की त्याचं उद्घाटन होऊ शकत नाही, आणि बहुतेक म्हणूनच ते बंद पडत गेलं. माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, देखभाल ठेक्यावर गेली. ठेका खड्डे बुजवण्याचा निघतो. पाणी पळवण्याचा सहसा निघत नाही.

गटार नक्की कोणाचं, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, कारण रस्ते कोणाचे हेच आपल्याकडे उशिरा ठरलं. मोटारी वाढल्या तेव्हा रस्ते लोकल बोर्डांच्या तोकड्या तिजोरीवर होते. १९२७ साली सरकारनं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते आता स्थानिक संस्थांच्या आवाक्यात राहिलेले नाहीत, पेट्रोलवर जादा कर लावून त्यातून पैसा उभा करावा, असं तिनं सांगितलं आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. मग डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे आणि संस्थानांचे मुख्य इंजिनिअर नागपूरला जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचा राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड त्या नागपूर योजनेतून आली. शेतीनं विकसित झालेल्या भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं उद्दिष्ट तिथं ठरलं होतं. राज्य महामार्ग आणि शेती यांची गाठ अशी मुळातच मारलेली आहे. आजही कडेच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर रस्ता राज्याचा, पिवळा असेल तर राष्ट्रीय.

मात्र दगडाचा रंग ठरला तरी पाण्याची मालकी ठरली नाही. डांबर बांधकाम खात्याचं, रस्त्याखालून जाणारी चारी पाटबंधारे खात्याची, बाजूनं येऊन मिळणारा गावरस्ता जिल्हा परिषदेचा, उतार शेतकऱ्याचा आणि तुंबलेलं पाणी कोणाचंच नाही. एका खात्यानं रस्ता उंच केला की दुसऱ्याची मोरी लहान पडते. मग दरवेळी नवा थर. मी लहानपणी ज्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढून जायचो, तिथं आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या रस्त्यावर किती वेळा ‘कारपेट’ झालं ते त्या पायऱ्यांवरून मोजता येईल.

यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. काळ्या मातीत काही टक्के चुना मिसळला की चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांना एकत्र धरतं आणि मातीची फुगण्याची खोड बरीच मोडते. वाड्यांसाठी चुन्याच्या घाण्या चालवणाऱ्या प्रदेशाला चुन्याचं नवल नसावं. मुरमाचा थर फक्त डांबराखाली न देता साईडपट्टी ओलांडून गटारापर्यंत नेला, तर आत शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. साईडपट्टी पक्की केली तर ओल-सुकीची सीमा काठापासून लांब ढकलली जाते आणि तडा पडलाच तर चाकाच्या वाटेबाहेर पडतो. हल्ली सगळ्यांना काँक्रीट हवं आहे. काँक्रीटचा ताठ स्लॅब वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवतो आणि पाण्यानं विरघळत नाही, हे खरं. पण खालची काळी एका बाजूनं फुगली आणि दुसऱ्या बाजूनं बसली तर तोही अधांतरी राहतो आणि तडकतो. आणि तडकलेलं काँक्रीट दुरुस्त करणं डांबराइतकं सोपं नाही. माझं मत विचाराल तर उसाच्या पट्ट्यात काँक्रीटवर खर्चायच्या पैशातला एक हिस्सा आधी मोऱ्यांवर आणि गटारांवर खर्चावा. उरलेल्यात डांबरही टिकेल.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. मे महिन्यात एकदा आपल्या रानासमोरच्या उताराशी उकिडवं बसा आणि खालच्या नळीतून आरपार बघा. पलीकडचा उजेड दिसला तर ठीक. नाही दिसला तर मृग लागायच्या आत फावडं घेऊन या, आणि खाली नळीच नसेल तर या वर्षी घाला, फूटभराची नको, आत हात घालून गाळ काढता येईल एवढी तरी घाला.